जुन्या गाडीचा हीटर नीट तापत नाही? कॉइल बदलायच्या आधी हे बघा

हीटर गार हवा मारायला लागला की बरेच जण आमच्या गॅरेजमध्ये येऊन थेट सांगतात, हीटरची कॉइल गेली, नवी टाका. तर आमची मनापासून विनंती आहे की लगेच त्या निष्कर्षावर येऊ नका, कारण कॉइल काढायची म्हणजे बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो, जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, क्लिपा तुटतात आणि मग तो डॅशबोर्ड कायमचा खडखडत राहतो. आणि एवढं करूनही दोष दुसरीकडेच निघाला तर सगळं फुकट.

जुन्या गाडीचा हीटर स्वतः काही तापवत नाही. इंजिनातून गरम झालेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, दोन पाईपांनी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये फिरतं, त्यालाच कॉइल म्हणतात, आणि ब्लोअर त्यातून हवा ढकलतो, बस. म्हणून आधी कूलंट बघा, इंजिन पूर्ण थंड असतानाच. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी अंगावर उडतं. लेव्हल कमी झाली की बहुतेक वेळा सगळ्यात आधी हीटरच गार पडतो, त्यात हवा अडकते. डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज येत असेल, किंवा सिग्नलला उभं असताना गार हवा आणि अॅक्सिलरेटर दिला की गरम, असं होत असेल तर कूलंट कमी आहे, हवा अडकलीय किंवा वॉटर पंप थकलाय. नुसतं कूलंट ओतून भागत नाही, अडकलेली हवा काढावी लागते, आणि ते कमी का झालं हेही शोधावं लागतं.

मग टेम्परेचरचा काटा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंट मुख्य रेडिएटरकडे सोडणारी झडप, तो साधारण ८० ते ९० डिग्रीच्या आसपास उघडतो, तो उघडाच अडकून बसला तर हायवेला काटा खालीच राहतो आणि हीटर कोमट. काही जण गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, ते आम्हाला अजिबात पटत नाही. इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल डिझेल जास्त पितं आणि आतून झिजतं. थर्मोस्टॅट बदलणं तर कॉइलच्या मानाने किरकोळ काम आहे.

काटा मधे येतोय, कूलंट भरलेलंय, तरी गार? हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चांगलं तापू द्या, मग इंजिन बंद करून कॉइलला जाणारे दोन्ही पाईप जपून चाचपा, जाड हातमोजा घालून आणि पंख्यापासून हात लांब ठेवून, कारण इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. दोन्ही पाईप गरम असतील तर कूलंट फिरतंय, दोष हवेच्या फ्लॅपमध्ये, म्हणजे हवा कॉइलकडे वळवणाऱ्या झडपेत, किंवा त्याच्या केबलमध्ये आहे, केबल निसटली की नॉब फिरतो पण आत फ्लॅप हलतच नाही. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कॉइल चोंदलीय किंवा हीटरचा व्हॉल्व्ह उघडत नाहीये. कधीकधी आधीच्या मालकाने गळती लागली म्हणून हीटर बायपासच केलेला असतो, दोन्ही पाईप एकमेकांना जोडून, तेही एकदा बघून घ्या.

चोंदलेली कॉइल उलट्या दिशेने पाणी सोडून बरेचदा मोकळी होते, पण पाण्याचं प्रेशर कमी ठेवायचं, जोर दिला तर जुनी कॉइल फुटते. आणि रेडिएटरमध्ये गळती थांबवायची पावडर टाकू नका. कॉइलच्या नळ्या अरुंद असतात, पावडर आधी तिथेच बसते.

हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर बघा, आणि ब्लोअर फक्त फुल स्पीडवरच चालत असेल तर ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय.

आता कॉइल खरंच गेली कधी म्हणायची? काचेवर आतून चिकट धुकं, गाडीत गोडसर वास, पायाखालचा गालिचा ओला. मग मात्र थांबू नका. आणि काटा लालकडे चाललाय तरी हीटरमधून गार हवा येतेय, तर गाडी तिथेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, कूलंट संपलेलं असू शकतं, पुढे दामटलीत तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, जाईल.

कूलंट गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच भरा, वेगवेगळे प्रकार मिसळू नका आणि नुसत्या पाण्यावर गाडी चालवू नका, आतून गंजते. साधारणपणे निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. सांडलं तर लगेच पुसा, ते चवीला गोड असतं आणि विषारी, लहान मुलं आणि कुत्री मांजरं जवळ येऊ देऊ नका.

गाडी आमच्याकडे आणाल तेव्हा एवढं सांगा, काटा कुठवर जातो, उभ्या गाडीत गार आणि चालताना गरम असं होतं का, आणि मधल्या काळात कूलंट कितीदा भरलं. जमलं तर आदल्या संध्याकाळीच गाडी ठेवून जा, म्हणजे सकाळी थंड इंजिनापासून तपासता येतं.