घातक कचऱ्याचे प्राधिकारपत्र : नागपूरच्या लघुउद्योजकांनी अर्ज कसा करावा

हिंगणा, बुटीबोरी किंवा कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचा पावडर कोटिंगचा, प्लेटिंगचा किंवा मशीन शॉपचा छोटा कारखाना आहे, त्यांच्यापैकी अनेकांचा असा समज असतो की वर्षाकाठी दोन-चार ड्रम गाळ आणि थोडे वापरलेले तेल निघत असेल, तर त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. हा समज चुकीचा आहे. घातक व इतर कचऱ्याच्या व्यवस्थापनासंबंधीच्या 2016 च्या नियमांतील पहिल्या अनुसूचीत यंत्रांचे वापरलेले तेल, धातूंच्या पृष्ठभागावरील प्रक्रियेतून उरणारे आम्ल, अल्कली व फॉस्फेटचे अवशेष आणि रसायनांचे रिकामे ड्रमही आहेत. असा कचरा ज्याच्याकडे निर्माण होतो, त्याला सहसा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र, म्हणजे तो कचरा बाळगण्याची व हाताळण्याची परवानगी, घ्यावेच लागते. उद्योग लहान आहे म्हणून यातून सूट नाही.

अर्ज नमुना 1 मध्ये मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. नागपूरचे प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्समधील उद्योग भवनात आहे. 1974 चा जल कायदा आणि 1981 चा वायू कायदा यांखालील संमती, म्हणजे बोलीभाषेतला ‘कन्सेंट’, आणि हे प्राधिकारपत्र यांचा अर्ज सहसा एकत्रच केला जातो. अर्ज परिपूर्ण असल्यास प्राधिकारपत्रावर 120 दिवसांत निर्णय व्हावा, असे नियम सांगतात आणि मिळालेले प्राधिकारपत्र 5 वर्षे चालते.

नियमांप्रमाणे अर्जाला स्थापनेची आणि संचालनाची संमतीपत्रे जोडावी लागतात. नूतनीकरण असेल, तर आधीच्या अटी पाळल्याचा स्वसाक्षांकित अहवालही द्यावा लागतो. याखेरीज भूखंडाचे वाटपपत्र किंवा भाडेकरार, कारखान्याचा आराखडा, उत्पादन प्रक्रियेचा तक्ता, उद्यम नोंदणी, सनदी लेखापालाचे भांडवली गुंतवणुकीचे प्रमाणपत्र आणि बुटीबोरी येथील सामाईक विल्हेवाट केंद्राचे सभासदत्व तयार ठेवावे. संमतीचे शुल्क गुंतवणुकीवर ठरते, त्यामुळे लेखापालाचा आकडा आणि अर्जातील आकडा एकच असावा.

तरीही अर्ज अडतो तो बहुधा कागदांमुळे नव्हे, तर पाण्याच्या आणि कचऱ्याच्या हिशेबामुळे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. पावडर कोटिंगचेच उदाहरण घ्या. सात टाक्यांच्या प्रक्रियेत ग्रीस काढणे, गंज काढणे आणि फॉस्फेटिंग, म्हणजे धातूवर फॉस्फेटचा थर देणे, यांच्या मध्ये साध्या पाण्याच्या धुण्याच्या टाक्या असतात. कामगार घाईत सुट्या भागांची जाळी एका टाकीतून उचलून ठिबकणाऱ्या अवस्थेतच पुढच्या टाकीत बुडवतो, तेव्हा रसायन वाया जाते, धुण्याचे पाणी लवकर खराब होते आणि सांडपाण्यातून निघणारा गाळ वाढतो. तीच जाळी टाकीवर मिनिटभर निथळू दिली आणि धुण्याचे पाणी शेवटच्या टाकीतून उलट्या दिशेने मागे आणले, तर पाणी, रसायन आणि गाळ हे तिन्ही कमी होतात. नियमांतही कचरा निर्माण होऊ न देणे आणि कमी करणे हे पहिले आहे, तर विल्हेवाट सर्वांत शेवटी आहे. म्हणून अर्जापूर्वी किमान महिनाभर पाण्याच्या मीटरचे रोजचे आकडे आणि गाळाचे वजन वहीत लिहावे, असा माझा आग्रह आहे. मी पाहिलेल्या एका अर्जात रोजचा पाणीवापर अंदाजाने लिहिला होता, तर पाण्याचे बिल त्याच्या जवळपास दुप्पट होते. ती तफावत समजावून देण्यातच अर्जदाराचे कित्येक आठवडे गेले.

साठवणुकीची जागा अर्जाआधीच तयार असावी. सिमेंटची फरशी, वर छप्पर आणि भोवती गळती अडवणारा कठडा आवश्यक आहे, कारण उघड्यावरचा गाळ जूनच्या पहिल्या सरीत वाहून नाल्यात जातो आणि हिंगणा-बुटीबोरीकडचे नाले वेणा नदीकडे जातात. प्रत्येक ड्रमवर नमुना 8 चे पिवळे लेबल लावून त्यावर ‘घातक कचरा’ आणि ‘काळजीपूर्वक हाताळा’ हे शब्द लाल अक्षरांत मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहावेत. लेबल पाण्याने न पुसणारे हवे. साठवणुकीची मुदत 90 दिवसांची आहे. वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा असणाऱ्यांना मंडळ ती 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते.

प्राधिकारपत्र हाती आल्यावरही कचरा भंगारवाल्याला देता येत नाही, तो अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडे किंवा विल्हेवाट केंद्राकडेच जावा लागतो. पाठवताना नमुना 10 च्या, म्हणजे कचऱ्यासोबतच्या वाहतूक पत्रकाच्या, सात रंगीत प्रती भराव्यात. पांढरी प्रत मंडळाकडे जाते, पिवळी आपल्याकडे राहते आणि माल पोहोचल्यावर स्वीकारणारा निळी प्रत सही करून आपल्याकडे परत पाठवतो. निळी प्रत आली नाही, तर लगेच विचारणा करावी, कारण आपला कचरा योग्य ठिकाणी पोहोचल्याचा आपल्याजवळचा पुरावा तीच असते. रोजची नोंद नमुना 3 मध्ये ठेवावी आणि वार्षिक विवरण नमुना 4 मध्ये दरवर्षी 30 जूनपर्यंत मंडळाला सादर करावे.