टोकन देण्याआधी हे वाचा
नौपाडा, चरई, जांभळी नाका, खारकर आळी या भागांत जुना फ्लॅट घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

जुन्या ठाण्यातच घर का हवं, हे आम्हाला कुणी पटवून द्यायला नको. घराचे कागद तपासून देणारं आमचं कार्यालयही याच गर्दीत आहे. स्टेशन, तलावपाळी, गडकरी रंगायतन सगळं चालत, आणि गोखले रोडवर सुईपासून सोन्यापर्यंत काय हवं ते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पोहायचा तलाव मिळतो, पण रात्री नऊला कोथिंबीर हवी तर गाडी काढावी लागते. तेव्हा जुना फ्लॅट जरूर घ्या. फक्त आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी दोन कामं उलट क्रमाने करून येतात: आधी टोकन, म्हणजे सौदा धरून ठेवायची आगाऊ रक्कम, देतात आणि मग कागद तपासायला आणतात.

"टोकन दिलंय, तुम्ही फक्त एकदा नजर टाका." कागद म्हणजे मोबाइलमध्ये शेवटच्या ॲग्रीमेंटचे फोटो आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची (सभासदत्वाच्या दाखल्याची) पुढची बाजू. हस्तांतरणाच्या नोंदी असतात त्या मागच्या बाजूचा फोटो हमखास नसतो. अडचण निघाली की विकणारा टोकन परत द्यायला टाळाटाळ करतो, एजंट फोन उचलत नाही, आणि आमचे पुढचे काही आठवडे कागद तपासण्यात जाण्याऐवजी तुमचे पैसे सोडवण्याच्या बोलण्यांत जातात.

शेअर सर्टिफिकेटवर नाव आहे, मग अजून काय हवं?

हा प्रश्न रोज येतो. समजा, चरईतला १९७८ सालचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. घेतला वडिलांनी. त्यांच्या पश्चात सोसायटीने नॉमिनेशन पाहून सर्टिफिकेट थोरल्या मुलाच्या नावावर केलं. मेंटेनन्स तोच भरतो, वीजबिल त्याच्या नावावर, घरपट्टीही. आता तो विकायला निघालाय. सोसायटीच्या दृष्टीने सगळं ठीक. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातही वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यावं असंच म्हटलं आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, सगळे मुलगे आणि सगळ्या मुली यांचा सारखा हिस्सा लागतो. आजी हयात असेल तर तिचाही. डोंबिवलीत दिलेली बहीण असो की न्यू जर्सीतली, तिचं लग्न झालं म्हणून हिस्सा जात नाही.

"ताईला काही नकोय, तिनेच फोनवर सांगितलंय" हे वाक्य आम्ही फार ऐकतो. ताई खरंच तसं म्हणाली असेल, पण फोनची नोंदणी होत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, नाहीतर विक्रीच्या करारावर तिची सही. ती परदेशात असेल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपॉस्टिल केलेलं (तिथल्या सरकारने प्रमाणित केलेलं) कुलमुखत्यारपत्र येऊ द्या, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्या. या सगळ्याला वेळ लागतो. टोकन देताना ठरवलेली मुदत तिकडे उलटत असते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

सर्टिफिकेटवर सध्याचं नाव विक्रीने आलं की वारशाने, एवढं विकणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा. वारशाने आलं असेल तर पाकीट खिशातच ठेवा आणि आमच्याकडे या.

जुने कागद

मूळ बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे करारनामे हवेत. मधला एखादा हरवलेला असतोच. दुय्यम निबंधकांकडे नोंदला गेला असेल तर प्रमाणित नक्कल काढता येते. इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) संकेतस्थळावर पाहिला की सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, झाला, असा बऱ्याच जणांचा समज आहे. संगणक येण्यापूर्वीचे दस्त तिथे दिसत नाहीत, त्यासाठी जुनी रजिस्टरं चाळायला माणूसच बसवावा लागतो. आमच्या फीचा मोठा भाग त्यातच जातो.

पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचा करार पाहून काहीजण घाबरून येतात. तो १० डिसेंबर १९८५ पूर्वीचा असेल तर घाबरू नका. तेव्हा अशा करारावर खरेदीखताइतकी स्टॅम्प ड्युटी लागत नव्हती. नंतरचा असेल तर मात्र कमी भरलेली ड्युटी आणि दंड कोण भरणार, हे टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या. ठाण्याची महापालिका १९८२ साली झाली, त्यामुळे त्याआधीच्या इमारतीचे परवाने नगरपालिकेचे असतात. ते खोटे नव्हेत.

सोसायटी घेते त्या हस्तांतरण शुल्काबद्दलही विचारलं जातं. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये. कमिटीने 'इमारत निधी' म्हणून वर काही मागितलं तर त्या ठरावाची प्रत मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

इमारत

तीस वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण झालेलं असावं. अहवाल कमिटीकडून मागून घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे न रिकामी करता दुरुस्त करायची, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. सी-१ वर कर्ज मिळेल या आशेवर राहू नका.

"रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे" हे ऐकून पुढे मिळणाऱ्या फ्लॅटचा भाव आज मोजू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. तीन गोष्टी पाहा. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स, किंवा बिल्डरने करून दिलं नाही तर सरकारी आदेशाने होणारं डीम्ड कन्व्हेयन्स. समोरचा रस्ता किती रुंद आहे, कारण मिळणारं चटईक्षेत्र बरंचसं त्यावर ठरतं आणि जुन्या ठाण्यातल्या गल्ल्या तुम्ही पाहिल्याच आहेत. आणि सर्वसाधारण सभेत खरंच ठराव झालाय, की नुसत्या चहावर गप्पा.

पागडीची जागा हा वेगळा व्यवहार आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीचे पैसे घेणं-देणं कायदेशीर केलं, पण तुम्हाला मिळते ती भाडेकरूची जागा, मालकी नव्हे. स्वस्त का, याचं उत्तर त्यातच आहे. अशी कामंही आम्ही करतो, फी वेगळी.

आवाज आणि पार्किंग यांबद्दल आम्ही काय सांगणार? टेंभी नाक्याजवळ घर घेणाऱ्याने नवरात्रात एकदा रात्री दहाला येऊन उभं राहावं.

आमच्या पद्धतीबद्दल

आम्ही फी आधी घेतो आणि व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवर मत देत नाही, याचा काहींना राग येतो. शेजारचा एजंट दोन दिवसांत 'क्लिअर' म्हणतो, तुम्हाला एवढा वेळ का, असंही विचारतात. एजंटची दलाली सौदा झाला तरच मिळते. आमची फी सौदा मोडला तरी तेवढीच असते, म्हणून 'घेऊ नका' म्हणायला आम्हाला जड जात नाही. फीमध्ये सर्च, वारसांच्या कागदांची तपासणी, टोकनच्या पावतीचा मसुदा आणि नोंदणीच्या दिवशी बरोबर येणं धरलेलं आहे. नोंदणी शुल्क (१ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये) आणि स्टॅम्प ड्युटी तुमची तुम्ही ऑनलाइन भरायची. ते पैसे आमच्या हातात देऊ नका. व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशांतून कापायचा आयकर) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, तो फॉर्म आम्ही भरून देतो.

येताना शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू, सगळे करारनामे, घरपट्टीची ताजी पावती आणि मूळ मालक हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणा. झेरॉक्स इथेच काढून घेऊ, मूळ कागद त्याच दिवशी परत न्या.