झोळीला दिलेला झोका

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, मी जिथे बसची वाट बघते त्याच्या समोरच एका इमारतीचं काम चालू आहे. मार्चमध्ये तळमजल्याच्या दोन खांबांना जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असायची आणि झोळीत सात-आठ महिन्यांचं बाळ. शेजारी मिक्सरची घरघर, सगळीकडे धूळ. बाळाची आई घमेलं डोक्यावर घेऊन जिन्याकडे जायची आणि रिकामं घमेलं घेऊन परतताना दर फेरीला झोळीला एक झोका द्यायची. बाळ रडत असलं तर घटकाभर थांबून म्हणायची, "आले रं, आले." तेवढ्यात मुकादमाची हाक यायची. पण बाळाला तेवढं पुरायचं.

"लहान आहे, त्याला काय कळतंय!" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. घरात भांडणं होतात, मारहाण होते, कुणी दारू पिऊन येतं आणि पाळण्यातल्या बाळाला यातलं काही आठवणार नाही, असं आपण धरून चालतो. त्याला आठवत नाही हे खरं. शरीर मात्र नोंद ठेवतं.

धोका जाणवला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पियुषिका ग्रंथीला निरोप जातो, तिथून मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक उतरतं. रक्तातली साखर वाढते, शरीर पळायला किंवा झुंजायला तयार होतं. ही व्यवस्था म्हणजे जीव वाचवणारा धोक्याचा भोंगा आहे. खरी कळ आहे ती भोंगा बंद होण्यात. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातले ग्राही रेणू वाढलेलं कॉर्टिसॉल ओळखतात आणि 'आता पुरे' असा निरोप उलट पाठवतात. तान्ह्या बाळाला हे एकट्याने नीट जमत नाही. त्याला कुणीतरी उचलून घ्यावं लागतं. लस टोचल्यावर बाळ टाहो फोडतं, आजी छातीशी धरते, पाच मिनिटांत ते हसतं. असा ताण घातक नसतो. घातक असतो तो दिवसामागून दिवस चालणारा आणि कुणीच न शमवणारा ताण.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या माद्यांचं निरीक्षण केलं. काही माद्या पिलांना भरपूर चाटत, काही कमी. भरपूर चाटलेली पिलं मोठेपणी कमी भेदरायची आणि ताणातून लवकर सावरायची. पिलांची अदलाबदल केली, तेव्हा पिलू वाढवणाऱ्या आईसारखं झालं, जन्म देणाऱ्या आईसारखं नाही. 2004 मध्ये त्यांनी यामागची रेणूंच्या पातळीवरची खूण दाखवली. कमी चाटलेल्या पिलांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं ओळखणाऱ्या ग्राहीच्या जनुकावर मिथाइल गट, म्हणजे जनुकाला गप्प करणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा, जास्त चिकटले होते. जनुक तेच, पण त्याचा आवाज दबलेला. ग्राही कमी, म्हणून भोंगा उशिरापर्यंत वाजत राहणार.

माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत. पण रुमानियात 1989 मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा सरकारी अनाथालयांत हजारो मुलं सापडली. अन्न होतं, छप्पर होतं, कडेवर घेणारं कुणी नव्हतं. पुढे बुखारेस्टमध्ये 136 मुलांवर संशोधन झालं. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं पालक कुटुंबांकडे सोपवली. संस्थेतच राहिलेल्या मुलांचा ताणाला मिळणारा प्रतिसाद पुढे बोथट झालेला दिसला, त्यांचं कॉर्टिसॉल वाढायला हवं तेव्हाही नीट वाढेना. दोन वर्षांचं होण्याआधी घर मिळालेल्या मुलांचा प्रतिसाद मात्र बऱ्यापैकी सामान्य होता. म्हणजे बिघाड दोन्हीकडे होऊ शकतो, भोंगा थांबेनासा होतो किंवा वाजेनासा होतो.

आणि हे मेंदूपाशी थांबत नाही. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये प्रौढांना लहानपणच्या मारहाणीबद्दल, लैंगिक अत्याचाराबद्दल, घरातल्या व्यसनाबद्दल विचारलं. 1998 मध्ये निष्कर्ष आले. चार किंवा अधिक प्रकारचे असे अनुभव आलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त होता. अनुभवांची संख्या वाढेल तसे हृदयविकार आणि फुप्फुसांचे आजारही वाढत गेले. त्यातला काही भाग सिगारेट-दारूतून येतो. पण न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांपैकी ज्यांचे लहानपणी हाल झाले होते, त्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षीही दाहाच्या, म्हणजे शरीरातल्या आतल्या सुजेच्या, खुणा जास्त होत्या. हे आकडे समूहाचे आहेत. त्यावरून एखाद्याचं भविष्य सांगता येत नाही, आणि कुणी ते सांगू नये.

मला राग येतो तो या संशोधनाचा दगड करून आयांवर भिरकावला जातो तेव्हा. मीनींच्याच गटाने पुढे दाखवलं, की भरपूर चाटणाऱ्या मादीला गरोदरपणात ताण दिला तर तीही पिलांना कमी चाटू लागते. आईला उसंत आहे का, हा प्रश्न म्हणून आधी विचारायला हवा. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून जास्त बायका कामाला असलेल्या ठिकाणी सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केलं होतं. समोरच्या साइटवर मी एकदा मोजल्या, तर अकराच बायका होत्या. अकरा जणींच्या मुलांचं कॉर्टिसॉल काही वेगळ्या नियमाने चालत नाही.

एकदा बस उशिरा आली म्हणून रस्ता ओलांडून झोळीतल्या बाळाच्या आईशी बोलले. जालन्याकडची. बाळ घरी ठेवायला कुणी नाही का, असं विचारलं, तर म्हणाली, "सासू गावाकडं हाय ताई. हितं मीच हाये त्याला." बोलता बोलता पदराने बाळाच्या पापण्यांवरचं सिमेंट पुसत होती आणि ते तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं.

आता स्लॅब टाकून झालाय, झोळी पहिल्या मजल्यावर गेली आहे. खालून बाळ दिसत नाही. ती घमेलं घेऊन परतताना खांबापाशी तिचा हात बाजूला जातो, तेवढा दिसतो.