सहा नियमांचं यंत्र

चौकटींच्या वहीचं कोरं पान घ्या. एका ओळीतल्या सगळ्या चौकटींत 0 आहे असं धरा आणि मधल्या चौकटीवर बोट ठेवा. बोटाच्या अवस्था दोनच, ‘अ’ आणि ‘ब’. सुरुवात ‘अ’पासून.

‘अ’ असताना 0 दिसला तर तिथे 1 लिहा, उजवीकडे सरका आणि ‘ब’ व्हा. 1 दिसला तर 2, आणि 2 दिसला तर 1 लिहून डावीकडे सरका, अवस्था ‘अ’च. ‘ब’ असताना 0 दिसला तर 2 लिहून डावीकडे, पुन्हा ‘अ’. 1 दिसला तर 2 लिहून उजवीकडे, ‘ब’च. 2 दिसला तर 0 लिहून उजवीकडे, ‘अ’. संपले नियम! सहा पावलांनंतर पानावर 1, 0, 1 दिसायला हवं. नसेल तर कुठेतरी गफलत झाली, पुन्हा करा.

ब्रिटिश गणितज्ञ अॅलन ट्युरिंगने 1936 साली मांडलेल्या काल्पनिक यंत्राचं हे अगदी छोटं भावंड. दोन अवस्था आणि तीन चिन्हांची अशी 29,85,984 यंत्रं बनतात. त्यांतलं हे एक सार्वत्रिक आहे का, म्हणजे ओळीत योग्य आकडे आधी मांडून दिले तर कोणत्याही संगणकाचं काम करेल का? मे 2007 मध्ये संगणकशास्त्रज्ञ स्टीफन वुल्फ्रम यांनी या प्रश्नावर 25,000 डॉलरचं बक्षीस लावलं.

ऑक्टोबरात ते मिळालं अॅलेक्स स्मिथला. वय 20, बर्मिंगहॅम विद्यापीठाचा विद्यार्थी. त्याने सरळ यंत्रावर झडप घातली नाही. हे यंत्र दुसऱ्या एका व्यवस्थेची नक्कल करतं, ती तिसरीची, असा जिना बांधत तो अशा व्यवस्थेपर्यंत पोचला जिची सार्वत्रिकता आधीच सिद्ध होती.

लगेच वादही पेटला. स्मिथच्या सिद्धतेत यंत्राला सुरुवातीलाच अनंत लांबीची, ठरावीक तुकडा नुसता पुन्हा पुन्हा न गिरवणारी ओळ भरून द्यावी लागते. मग अक्कल यंत्राची की ओळीची? ओळ भरणारी पद्धत इतकी साधी आहे की ती एकटी सार्वत्रिक नाही, हे स्मिथचं उत्तर. मला ते पटतं, पण सार्वत्रिकतेच्या नेहमीच्या व्याख्येत मर्यादित आकड्यांखेरीज बाकी ओळ कोरी असते, हा टीकाकारांचा मुद्दाही खोटा नाही. आपल्या वहीतली ओळ मात्र तशीच कोरी होती, आणि तिच्यावर सातवं पाऊल अजून टाकायचं आहे.