तोंडाने श्वास घेतला तर दुप्पट ऑक्सिजन मिळतो का?

'सकाळी तोंड उघडून श्वास घ्या, नाकापेक्षा दुप्पट ऑक्सिजन मिळतो,' असा सल्ला बरीच वर्षं फॉरवर्ड होतोय. तोंडाने एका दमात जास्त हवा आत जाते, त्यामुळे तो पटतोही. पण हवा नाकातून घ्या वा तोंडातून, तिच्यात ऑक्सिजन सुमारे 21 टक्केच असतो. शिवाय निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच 95 ते 100 टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. दुप्पट मावणार कुठे?

घरी ऑक्सिमीटर असेल तर स्वतःच बघा. पाच मिनिटं शांत बसा, नाकाने श्वास घेत आकडा पाहा, मग तोंडाने. फार तर एखाद्या टक्क्याचा फरक दिसेल. नाशिकच्या थंडीत गोदाकाठी फिरून आला असाल तर आधी बोटं चोळून गरम करा. गार बोटांवर आकडा चुकतो, नेलपॉलिशमुळेही.

नाकाचं खरं काम वेगळंच आहे. ते हवा गाळतं, कोमट आणि ओलसर करतं. नाकाजवळच्या पोकळ्यांत तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड श्वासाबरोबर फुप्फुसांत जातो आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतो. तोंडाने घेतलेल्या श्वासात हे जवळपास होत नाही. रात्रभर तोंड उघडं राहिलं तर घसा कोरडा पडतो, लाळ सुकते, दात किडायचा धोका वाढतो.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना मात्र धाप लागून तोंड उघडतं. ते स्वाभाविक आहे, बिनधास्त उघडू द्या.

मूल रोज तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल तर तोंडाला पट्टी चिकटवू नका. नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.