विजातीय रोबॉट-संघ

घडण, संवेदक किंवा कामाची पद्धत वेगवेगळी असलेल्या रोबॉटांचा एकाच कामासाठी जुळवलेला गट. त्यात कोण किती असावेत आणि कामाची वाटणी कशी व्हावी, हे ठरवताना अभियंते मुंग्या, मधमाश्या, मासे यांच्या वागणुकीकडे पाहतात.

एकसारख्यांचा थवा उभारणे त्यामानाने सोपे. २०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात किलोबॉट नावाच्या १,०२४ छोट्या, एकसारख्या रोबॉटांनी मिळून ठरवून दिलेले आकार तयार केले. पण जमिनीवर सरकणारे असे हजार जमवले, तरी कपाटाच्या वरच्या फळीवरचे पुस्तक काही खाली येत नाही. संगणकशास्त्रज्ञ मार्को डोरिगो यांच्या नेतृत्वाखालील ‘स्वार्मनॉइड’ (२००६–१०) या युरोपीय प्रकल्पाने नेमके तेच काम निवडले. त्यात उडणारा आय-बॉट छताला चिकटून वरून पाहणी करी. हँड-बॉटला दोन हात होते, चढताही येई, पण जमिनीवर चालता येत नसे. म्हणून चाकांचे फूट-बॉट त्याला धरून कपाटापर्यंत नेत. मग तो वर चढून पुस्तक काढी.

अशी जोडी निसर्गातही दिसते. लाल समुद्रातला हेकरू मासा मोकळ्या पाण्यात शिकार करतो. भक्ष्य खडकाच्या फटीत शिरले की त्याचे काही चालत नाही. तेव्हा तो मोरे जातीच्या वामेसमोर डोके हलवून तिला बोलावतो. ती फटीत घुसते. भक्ष्य आत सापडले तर तिचे, बाहेर निसटले तर हेकरूचे.

शरीरे निरनिराळी हवीतच असे नाही, आणि हा मुद्दा रोबॉट बांधण्याच्या हौसेत मागे पडतो. मधमाश्यांची राणी अनेक नरांशी संग करते. त्यामुळे किती उकाडा झाल्यावर पंखांनी वारा घालायचा, याची मर्यादा प्रत्येक पितृवंशाच्या (एकाच नरापासून झालेल्या) कामकरी माशीत थोडी वेगळी असते. सगळ्या एकदम सुरू होऊन एकदम थांबत नाहीत; पिल्लांच्या कप्प्यांचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास टिकते. रोबॉटांत हीच युक्ती प्रत्येकाच्या आज्ञावलीत निराळा आकडा भरून साधते, नवा सुटा भाग लागत नाही.

विजातीयतेची अडचण एखादा प्रकार कमी पडला की कळते. फायडोले या मुंग्यांत लहान आणि मोठ्या डोक्याच्या अशा दोन प्रकारच्या कामकरी असतात; वारुळातल्या लहान कामकरी कमी केल्यावर मोठ्या डोक्याच्या मुंग्या पिल्लांची देखभाल करू लागतात, हे कीटकशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी १९८४ मध्ये दाखवले. फूट-बॉट बंद पडले तर हँड-बॉट मात्र जागच्या जागी राहतो.