डबके, ‘पडल’ आणि तीच ती गोष्ट

बेळगाव-खानापूरकडच्या मराठी घरातल्या मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते की एका वस्तूला दोन नावे असतात: घरात ‘पाणी’, बाजारात कन्नड ‘नीरू’; अंगणातले ‘झाड’ शेजाऱ्यांकडे ‘मर’. हे ज्ञान दिसते तितके किरकोळ नाही. नवा शब्द कानी पडला की तो एखाद्या अनोळखी वस्तूचेच नाव असावे, असे लहान मुले गृहीत धरतात, हे एलन मार्कमन आणि ग्विन वॉक्टेल यांनी १९८८ मध्ये दाखवले. अनेक भाषांत वाढणाऱ्या मुलांमध्ये ही अटकळ सैल असल्याचे पुढे आढळले. खानापूरच्या पावसाळ्यात डबके तर रोजच पायाखाली असते. तेव्हा इंग्रजी ‘पडल’ हे त्याच डबक्याचे तिसरे नाव, एवढेच मुलाला शिकायचे असते.

ते नाव टिकावे कसे, हा खरा प्रश्न आहे. पाठ करायला दिलेल्या शब्दार्थांच्या यादीत ‘पडल’ एकटा पडतो. चित्रांच्या गोष्टीत मात्र बेडूक त्यात उडी मारतो, कुणाची तरी चड्डी भिजते आणि शब्दाला धरायला काहीतरी मिळते. वॉरविक एली यांनी न्यूझीलंडमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या, तेव्हा नुसते ऐकून नव्या शब्दांच्या ज्ञानात सुमारे १५ टक्के वाढ झाली, तर वाचता वाचता शिक्षकांनी अर्थ सांगितल्यावर सुमारे ४० टक्के. ती मुले इंग्रजी वातावरणातली होती, हा आक्षेप रास्त आहे. परंतु फिजीच्या खेडोपाडी, जिथे मुलांची घरची भाषा फिजीयन किंवा हिंदी होती, तिथल्या आठ शाळांना प्रत्येकी अडीचशे सचित्र इंग्रजी पुस्तके दिल्यावर मुलांचे वाचन आणि श्रवण नेहमीच्या जवळपास दुप्पट वेगाने सुधारले, असे एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी १९८३ मध्ये नोंदवले. आपल्याकडे अर्थ मराठीत सांगायला शिक्षकांनी संकोचू नये, असे माझे मत आहे; ‘पडल, म्हणजे डबकं’ एवढे म्हणायला दोन सेकंद लागतात आणि गोष्टीची लयही मोडत नाही.

पुस्तके मोजकीच आहेत, ही तक्रार मात्र वाटते तेवढी गंभीर नाही. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या काही मुलांना एकच गोष्ट पुनःपुन्हा वाचून दाखवली, तर इतरांना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द सर्वांनी सारख्याच वेळा ऐकले, तरी ते अधिक शिकली ती एकाच गोष्टीची मुले. पुढे काय होणार हे ठाऊक झाले की लक्ष कथानकातून मोकळे होऊन शब्दाकडे वळत असावे. (‘तीच सांग’ म्हणून आजीला छळणाऱ्या नातवंडांना हे आधीच उमगलेले दिसते.) म्हणून कोपरे दुमडलेले एकच पुस्तक आठवडाभर वाचावे, आणि चौथ्या दिवशी ‘पडल’च्या आधी किंचित थांबावे; तो शब्द मग वर्गच ओरडून सांगतो.